आठातले तीन शनिवार

मोजणी कोणत्याही वारापासून सुरू करा, २१ दिवसांत शनिवार तीनच येतात. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल सामने मुख्यतः शनिवारी होतात. २०२० मध्ये ‘बिग टेन’ या १४ विद्यापीठांच्या गटाने ठरवले, की कोरोना चाचणी पॉझिटिव्ह आलेला खेळाडू किमान २१ दिवस सामन्यात उतरणार नाही. त्या वर्षी नियमित सामने होते ८. एका पॉझिटिव्ह अहवालापायी ३ सामने, म्हणजे ३७.५ टक्के हंगाम जाणार. नेहमीच्या १२ सामन्यांच्या हंगामात हेच नुकसान २५ टक्के झाले असते.

हंगाम एवढा आखूड का झाला? ११ ऑगस्टला गटाने तो पुढे ढकलला, १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला आणि २३ ऑक्टोबरला सुरुवात केली. ८ आठवड्यांत ८ सामने बसवले. मध्ये एकही शनिवार मोकळा ठेवला नाही.

पहिला फटका विस्कॉन्सिनला बसला. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक ग्रॅहॅम मर्ट्झ याने पहिल्याच सामन्यात २१ पैकी २० पास अचूक दिले, त्यांतल्या ५ पासवर टचडाउन झाले आणि इलिनॉय ४५-७ असे हरले. पाठोपाठ त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली. २८ ऑक्टोबरपर्यंत ६ खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षकांसह ६ कर्मचारी बाधित होते. बाधितांचे प्रमाण ७.५ टक्क्यांवर आणि पॉझिटिव्ह चाचण्यांचे ५ टक्क्यांवर गेले, की संघाने किमान ७ दिवस सराव व सामने थांबवायचे, असा गटाचा नियम होता. खेळाडू आणि कर्मचारी मिळून १७० माणसे धरली, तर ७.५ टक्के म्हणजे १३ जण. विस्कॉन्सिन १२ वर होते आणि त्यांनी स्वतःहून थांबायचे ठरवले. नेब्रास्का व पर्ड्यूविरुद्धचे सामने रद्द झाले. मर्ट्झ १४ नोव्हेंबरला परतला तेव्हा त्याचा वैयक्तिक असा एकही सामना चुकला नव्हता, कारण दोन्ही सामने साऱ्या संघाचेच बुडाले होते.

तेव्हा साधारण विलगीकरण १० दिवसांचे असताना इथे २१ का? कारण हृदय. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल आणि खेळाडू तशाच अवस्थेत जोर लावून खेळला, तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचा एक छोटा अभ्यास आला: बाधित २६ खेळाडूंपैकी ४ जणांच्या एमआरआयमध्ये सुजेच्या खुणा, म्हणजे १५ टक्के. पुढे मोठी माहिती हाती आली आणि प्रमाण झरझर खाली गेले. बिग टेनच्या १३ विद्यापीठांत १,५९७ खेळाडूंचे एमआरआय झाले, सूज ३७ जणांत आढळली, म्हणजे २.३ टक्के. ४२ महाविद्यालयांच्या दुसऱ्या नोंदणीत ३,०१८ बाधितांपैकी २१ जणांच्या हृदयावर निश्चित किंवा संभाव्य परिणाम दिसला, ०.७ टक्के. या नोंदणीत सगळ्यांचे एमआरआय केलेले नव्हते, म्हणून हे दोन आकडे एका मापाने मोजता येत नाहीत. पण त्या ३७ जणांबद्दलची एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. केवळ हृदयाची लक्षणे पाहून तपासणी केली असती, तर त्यांतले ५ जणच सापडले असते. उरलेले ३२ तरुण स्वतःला ठणठणीत समजून मैदानात उतरले असते. १९-२० वर्षांच्या मुलासाठी ३ शनिवार खूप असतात, तरीही सप्टेंबरात हाती होती तेवढ्या माहितीवर २१ दिवसांचा आकडा मला योग्यच वाटतो.

चुकले ते वेळापत्रक. दक्षिणेकडच्या ‘एसईसी’ गटाने २६ सप्टेंबरला सुरुवात केली, प्रत्येक संघाला १० सामने दिले आणि राहिलेल्या सामन्यांसाठी १२ डिसेंबरचा दिवस मोकळा ठेवला. ठरलेल्या ७० नियमित सामन्यांपैकी ६८ पार पडले. बिग टेनमध्ये विस्कॉन्सिनचे ठरलेल्या ८ पैकी ५च झाले. ओहायो स्टेटचेही ५च, आणि त्यांच्या बुडालेल्या ३ सामन्यांपैकी २ प्रतिस्पर्धी संघांतल्या साथीमुळे गेले. त्यात मिशिगनविरुद्धचा सामनाही होता, जो १९१८ पासून दरवर्षी होत आला होता. गटाच्या अंतिम लढतीसाठी किमान ६ सामने खेळण्याची अट होती. गटाने ९ डिसेंबरला ती काढून टाकली. ओहायो स्टेटने नॉर्थवेस्टर्नला २२-१० हरवले आणि पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. खेळाडूंची २१ दिवसांची मुदतही डिसेंबरातच १७ वर आली. तेव्हा बहुतेकांचा हंगाम संपत आला होता.

संपर्कात आलेल्यांचा हिशेब वेगळाच. बाधिताच्या ६ फुटांच्या आत १५ मिनिटे घालवली की १४ दिवस क्वारंटाइन, आणि १४ दिवसांत शनिवार नेमके २. चाचणी निगेटिव्ह आली तरी सुटका नव्हती. ही मुदत २ डिसेंबरला कमी झाली. एकाच जागेवर खेळणारे खेळाडू एकत्र बसतात, एकत्र सराव करतात, त्यामुळे क्वारंटाइन एका जागेची सगळी फळी एकदम उचलून नेई. म्हणून एसईसीने सामन्यासाठी किमान ५३ शिष्यवृत्तीधारक खेळाडू मागितले आणि वर ७ आक्रमक लाइनमन, ४ बचावात्मक लाइनमन, १ क्वार्टरबॅक अशी अट घातली. शिष्यवृत्तीधारकांची नेहमीची मर्यादा तेव्हा ८५ होती. त्यांतले ७५ धडधाकट असले तरी आक्रमक लाइनमन ६च उरले, तर सामना पुढे ढकलता येई. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे किक मारणारे खेळाडू असेच कोरोनाच्या नियमांत अडकले, तेव्हा महिला सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर २८ नोव्हेंबरला मैदानात उतरली. तेव्हाच्या पाच बड्या गटांतल्या फुटबॉल सामन्यात खेळणारी ती पहिली महिला.

बुडालेल्या शनिवारांची भरपाई म्हणून महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने ऑगस्ट २०२० मध्येच सर्व फुटबॉल खेळाडूंना खेळण्याचे एक वर्ष वाढवून दिले. निर्णय न्याय्य होता. पण शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंना ८५ च्या मोजणीतून मिळालेली सूट २०२१ पुरतीच होती. २०२२ पासून तेही मोजणीत आले, आणि शाळेतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्तीच्या तेवढ्या जागा कमी झाल्या.