एक्सप्लेनर : ठुमरी मैफलीत, मग बैठकीची लावणी बाहेर का?

यात्रांचा हंगाम आला की मेढ्याच्या परिसरातील गावांत चर्चा सुरू होते : रात्री भजन ठेवायचे, ऑर्केस्ट्रा की तमाशा? भजनाला कुणी नाक मुरडत नाही. तमाशाचे नाव निघाले की मात्र कुजबुज होते. शेजारच्या वाईतील यमुनाबाई वाईकर यांनी आयुष्यभर लावणी गायली. २०१२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

बैठकीची लावणी म्हणजे काय?
फडावरची लावणी ढोलकीच्या तालावर नाचत सादर होते. बैठकीच्या लावणीत गायिका बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा गाते. दर वेळी सूर बदलतो, चेहरा आणि हात नवा अर्थ सांगतात. ठुमरीतही हेच घडते. पिलू, भैरवी हे रागही दोन्हींकडे भेटतात.

मग फरक कुठे पडला?
ठुमरीलाही एकेकाळी कोठ्यावरचे गाणे म्हणून हिणवले जाई. पुढे खयाल गायकांनी ती मैफलीत गायली आणि ती ‘उपशास्त्रीय’ ठरली. लावणीवर ‘लोककले’चा शिक्का राहिला. ती गाणाऱ्या अनेक स्त्रिया कोल्हाटी समाजातील होत्या. म्हणजे प्रतवारी फक्त सुरांवरून झाली नाही. कोण गाते आणि कुठे गाते, हेही पाहिले गेले.

सरकारची भूमिका काय होती?
१९४८ मध्ये मुंबई राज्यातील बाळासाहेब खेर सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. विरोधानंतर ती उठली, पण संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

याचा परिणाम काय?
खयाल शिकवणारे वर्ग गावोगावी आहेत. बैठकीची लावणी मात्र बहुतांशी घरातच, एका पिढीकडून दुसरीकडे गेली. बदनामी नको म्हणून घरातील मुलींनी ती सोडली, तर शिकवायला कुणी उरत नाही. मग उशिरा मिळालेला पुरस्कार गायिकेचा सन्मान करतो, पण गाणे पुढे नेणारा गळा देऊ शकत नाही.