कंपवात आणि लोहाच्या गोळ्या

गेल्या पावसाळ्यात वाणगावचे एक मिरची बागायतदार वडिलांना घेऊन माझ्याकडे आले. वडील पासष्टीचे. उजवा हात मांडीवर नुसता ठेवला तरी थरथरे, पावले घासत पडत, चेहऱ्यावरचे भाव मावळलेले. कंपवात उघड दिसत होता. सोबत रक्ताचा एक रिपोर्ट होता. त्यात फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचे मोजमाप, बरेच वाढलेले.

"डॉक्टरसाहेब, लोह मेंदूत साठून कंप येतो आणि ते घराण्यात उतरते, असे कळले. म्हणून घरातल्या लोहाच्या गोळ्या मी बंद केल्या."

"घरात गोळ्या कोण घेत होते?"

"आमची मंडळी. सहावा महिना आहे तिला."

आता माझे लक्ष काकांवरून त्यांच्या सुनेकडे गेले.

त्यांनी ऐकले ते अगदीच खोटे नव्हते. आपल्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि जादा झालेले बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. काही घराण्यांत आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन सदोष जनुक आले की आतडे गरजेपेक्षा जास्त लोह शोषते. ते यकृत, स्वादुपिंड, हृदय आणि सांध्यांत साठत जाते. याला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. त्याचे जनुक १९९६ साली सापडले. उपाय मात्र जुनाच आहे, ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकणे.

मेंदूचा प्रश्न २०२२ साली पुढे आला. ब्रिटनमधील लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन्ही सदोष जनुके असलेल्या पुरुषांत हालचालींचे विकार सुमारे १.८ पट आढळले आणि हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांत लोह जास्त दिसले. पण हा दोष मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांचा. आपल्याकडे तो फार विरळा. आपल्याकडे लोह साठलेले दिसते ते बहुधा थॅलेसेमियाच्या मुलांत, वारंवार रक्त चढवावे लागल्यामुळे.

मग कंपवातात लोह काढून टाकले तर? तोही प्रयोग झाला. नव्याने निदान झालेल्या ३७२ रुग्णांवर युरोपात ३६ आठवडे चाचणी झाली, तिचा निष्कर्षही २०२२ सालचाच. लोह काढणारे औषध घेतलेल्यांची लक्षणे न घेतलेल्यांपेक्षा जास्त बिघडली. कंपवातात डोपामीन कमी पडते आणि ते तयार करणाऱ्या विकराला लोह लागतेच. साठा दिसला म्हणजे तोच गुन्हेगार, असे धरून चालत नाही.

फेरिटिन वाढण्याची कारणेही अनेक. जंतुसंसर्ग, यकृतावरची चरबी, मद्य. आपल्या भागात संध्याकाळची ताडी औषध म्हणून घेणारे कमी नाहीत, आणि काका त्यांपैकीच. म्हणून उपाशीपोटी ट्रान्सफरिन सॅच्युरेशन करून घेतले. ते ४५ टक्क्यांच्या वर गेले तर घराण्यातल्या रोगाचा संशय घ्यायचा. काकांचे २८ निघाले. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली.

एक मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. चाळिशीच्या आत कंप किंवा ताठरपणा आला, तर लोहापेक्षा तांब्याची तपासणी आधी करावी. विल्सनचा आजारही आनुवंशिकच, त्यात तांबे साठते, आणि वेळेत कळला तर औषधाने आटोक्यात राहतो. तो चुकला तर हळहळ वाटते.

काकांना लेव्होडोपा सुरू केले. महिन्याभरात ते स्वतःच्या हाताने चहा पिऊ लागले. ज्यांना लेव्होडोपाबरोबर लोहाचीही गोळी आहे त्यांनी दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोह लेव्होडोपाला आतड्यात अडवते.

सूनबाईंचे हिमोग्लोबिन त्या दिवशी ७.८ निघाले. गोळ्या लगेच पुन्हा सुरू केल्या, चहाबरोबर न घेता लिंबाच्या सरबताबरोबर. नवव्या महिन्यात ते १०.४ वर आले. मुलगी झाली. पेढे घेऊन काका स्वतः आले होते.