८४ बारीक बोल्ट

विमान दुरुस्तीच्या कारखान्यात ठरलेल्या मापात, पद्धतीत किंवा कागदपत्रात न बसणारी प्रत्येक गोष्ट 'विसंगती' म्हणून नोंदवतात. तसा सुटा भाग टॅग लावून, कुलपाआड वेगळा ठेवतात. तो परत पाठवायचा, दुरुस्त करायचा की मोडीत काढायचा, हे अधिकार असलेला माणूसच ठरवतो. 'चालून जाईल' म्हणायची मुभा मेकॅनिकला नसते.

हे इतकं कडक का, ते १० जून १९९० रोजी दिसलं. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच सुमारे १७,००० फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले.

काच उड्डाणाच्या जेमतेम २७ तास आधी बदललेली होती. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक होते. फरक पाऊण मिलिमीटरहूनही कमी. कॅटलॉग न बघता, जुना बोल्ट शेजारी धरून नवे निवडले होते. मला जास्त अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट: काढलेले बहुतेक जुने बोल्टही लांबीला कमीच होते. ती चूक कुणीच नोंदवली नव्हती, आणि तिचाच नमुना झाला.

म्हणून विसंगती सापडली की नुसता भाग बदलून भागत नाही. तो आला कुठून, आणखी कुठल्या विमानात बसलाय, हेही शोधावं लागतं. त्यासाठी स्वतःची चूक सांगणाऱ्या मेकॅनिकला शिक्षेची भीती वाटता कामा नये.