एक फुप्फुस बंद ठेवून ऑपरेशन : ऑक्सिजन कसा टिकवतात?

"ऑपरेशनच्या वेळी एक फुप्फुस बंद ठेवावे लागेल," असे भूलतज्ज्ञ सांगतात तेव्हा घरच्यांच्या काळजात धस्स होते. काहीजण सही करायलाही कचरतात. म्हणून हे नेमके काय आहे, ते आपण समजून घेऊ या.

फुप्फुसाचा कॅन्सर, टीबीमुळे छातीत साठलेला पू, अन्ननलिकेचे आजार अशा ऑपरेशनमध्ये सर्जनला जागा लागते. हलत्या फुप्फुसावर बारीक काम होत नाही. त्यासाठी श्वासनलिकेत बहुधा दोन मार्गांची नळी घालतात. ऑपरेशनच्या बाजूचा मार्ग बंद करतात आणि दुसऱ्या फुप्फुसाला व्हेंटिलेटरने हवा देतात.

अडचण इथेच येते. बंद फुप्फुसात हवा जात नाही, पण काही रक्त जातच राहते. ते ऑक्सिजन न घेता परत येते. मात्र शरीर स्वतःही उपाय करते. बंद भागातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चालू फुप्फुसाकडे वळते. पेशंटला कुशीवर झोपवल्याने खालच्या, म्हणजे चालू फुप्फुसाकडे जास्त रक्त जाते.

पूर्वी एका श्वासाला किलोमागे 10 मिलीपर्यंत हवा भरत. जास्त ताणाने फुप्फुसाला इजा होते हे कळल्यावर आता साधारण 4 ते 6 मिली देतात. हा हिशोब उंचीवरून काढलेल्या वजनावर असतो, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठे होत नाही. श्वास सोडल्यावर हवेच्या पिशव्या मिटू नयेत म्हणून थोडा दाबही कायम ठेवतात.

तरी ऑक्सिजनचा आकडा 90 च्या खाली जाऊ लागला तर? आधी ऑक्सिजन 100 टक्के करतात. नळी सरकली नाही ना, हे दुर्बिणीने बघतात. मग रक्तदाबावर नजर ठेवून, मिटलेल्या पिशव्या काही सेकंद दाब देऊन उघडतात. गरज पडल्यास बंद फुप्फुसालाही हलक्या दाबाने ऑक्सिजन देतात. आकडा झपाट्याने घसरला तर सर्जनला थांबवून दोन्ही फुप्फुसे पुन्हा चालू करतात.

आपल्या हातातही बरेच आहे. ऑपरेशन ठरताच बिडी-सिगारेट, तंबाखू सोडा. दमा, जुना टीबी, चालू औषधे लपवू नका. श्वासाची तपासणी चुकवू नका. आणि सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा. तो पेशंटचा हक्कच आहे.