परीक्षकांची रुजुवात

एका वाचकाने पृच्छा केली आहे की, अमुक संकेतस्थळ उत्तम आणि तमुक सामान्य असा निवाडा देणारी मंडळी तो कोणत्या मापाने देतात, आणि एकाच संकेतस्थळाला एका अहवालात भरघोस गुण मिळाले व दुसऱ्यात ते जेमतेम उत्तीर्ण झाले, तर त्यांतला कोणता अहवाल ग्राह्य मानावा. प्रश्नाचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून मोलाचा वाटतो. कारण त्याच्या उत्तराशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या संशोधकाची आठवण या क्षेत्राबाहेर फारशी कोणी काढत नाही.

केवळ डोळ्याचा कौल या कामी जमेस धरता येत नाही. कॅनडातील गिट्टे लिंडगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की, एखादे पान पडद्यावर ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग झळकवले, तरी त्याच्या देखणेपणाविषयी पाहणाऱ्याचे जे मत बनते, ते दहापट वेळ पाहून बनलेल्या मताशी बव्हंशी जुळते. त्याआधी १९९५ मध्ये जपानच्या हिताची कंपनीतील मासाआकी कुरोसू व काओरी काशिमुरा यांनी पैसे काढण्याच्या यंत्राच्या पडद्याचे २६ आराखडे २५२ जणांपुढे ठेवले, तेव्हा जो आराखडा लोकांना सुंदर वाटला तोच त्यांना सुलभही वाटला. प्रत्यक्ष सुलभता वाढावी म्हणून बटणांची जी मांडणी विचारपूर्वक केली होती, तिचा त्या मताशी संबंध अगदी क्षीण निघाला. हा जपानी सौंदर्यासक्तीचा परिणाम असावा आणि आपल्या व्यवहारी देशबांधवांत तो दिसणार नाही, अशा अपेक्षेने नोअम ट्रॅक्टिन्स्की यांनी तोच प्रयोग इस्रायलमध्ये केला, आणि तेथे हा संबंध अधिकच दृढ आढळला! स्वतःची शंका खोटी ठरवणारा पुरावा इतक्या सरळपणे प्रसिद्ध करणाऱ्या माणसाविषयी मला नितांत आदर वाटतो.

तेव्हा सुलभतेची मोजदाद करायची, तर दोष शोधून काढणे प्राप्त होते. याकोब नील्सन व रॉल्फ मोलिक या दोन डॅनिश संशोधकांनी १९९० साली त्यासाठी एक पद्धत मांडली: मोजकी तत्त्वे हाती घेऊन जाणकाराने पडद्यामागून पडदा तपासावा आणि जेथे तत्त्वाचा भंग होतो तेथे खूण करावी. पुढे नील्सन यांनी या तत्त्वांची दशसूत्री केली, ती जगभर पाठ झाली, आणि मूळ निबंधातली कबुली मात्र विस्मरणात गेली. ती कबुली अशी की, एकेकट्या परीक्षकाला एकंदर दोषांपैकी २० ते ५१ टक्केच दोष सापडतात, आणि तीन ते पाच जणांनी परस्परांशी न बोलता केलेली टिपणे एकत्र केली, तरच निष्कर्ष विश्वसनीय होतो.

छापखान्यात मुद्रिते तपासणाऱ्यांना हे कोणी सांगावे लागत नाही. एकाच मजकुरावरून दोन मुद्रितशोधकांची नजर फिरली, तर एकाला वेलांटीची चूक दिसते, दुसऱ्याला गळलेला अनुस्वार. आणि खुद्द लेखकाला सर्वांत कमी दिसते, कारण छापले आहे ते न वाचता आपण लिहू इच्छिले होते तेच तो वाचत असतो. गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९७६ साली एका चिमुकल्या लेखात याच अनुभवातून एक मनोहर हिशेब काढला. समजा, पहिल्याला ३० चुका सापडल्या, दुसऱ्याला २४, आणि त्यांतल्या २० सामाईक आहेत. तर ३० आणि २४ यांच्या गुणाकाराला २० ने भागून एकंदर चुकांचा अंदाज ३६ येतो, दोघांनी मिळून ३४ पाहिल्या, म्हणजे कोणाच्याच नजरेस न पडलेल्या चुका सुमारे दोन. पण सामाईक चुका चारच असतील, तर तोच अंदाज १८० वर जातो आणि अदृश्य चुका १३० होतात! सर्व चुका सारख्याच सहज दिसतात हे या हिशेबातले गृहीत काटेकोर नाही. तथापि न सापडलेल्याची गणती सापडलेल्याच्या रुजुवातीवरून करण्याची ही युक्ती मला बुद्धीच्या अत्यंत सुंदर करामतींपैकी एक वाटते.

मोलिक यांनी पुढे नेमकी हीच रुजुवात परीक्षकांची घेतली. १९९८-९९ च्या सुमारास त्यांनी हॉटमेल हे एकच संकेतस्थळ नऊ निरनिराळ्या चमूंकडून तपासून घेतले. एकंदर ३१० दोष नोंदले गेले, आणि त्यांतले ७५ टक्के दोष एकेकाच चमूला दिसले होते. प्रत्येक चमूने कामे आपल्या मर्जीने निवडली होती आणि एकाला जो अडथळा वाटतो ती दुसऱ्याला केवळ अभिरुचीची बाब वाटते, हे मान्य केले, तरी सामाईक भाग इतका तुटपुंजा असावा याचा अर्थ पोल्यांच्या वाचकाला उघड आहे. त्यानंतर न्यूयॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियाच्या आरक्षणाचे संकेतस्थळ १७ चमूंना देण्यात आले: नऊ चमूंनी सामान्य माणसांना कामे देऊन त्यांचे निरीक्षण केले, आठांनी तज्ज्ञ या नात्याने पाहणी केली. ३४० दोषांपैकी निम्म्याहून अधिक चमूंना दिसलेले दोष अवघे नऊ. एकेकालाच दिसलेले २०५, आणि त्यांत ६१ गंभीर स्वरूपाचे. दोन पद्धतींच्या निष्पत्तीत मात्र लक्षणीय अंतर आढळले नाही.

या पार्श्वभूमीवर, पाच माणसांवर चाचणी घेतली की ८५ टक्के दोष हाती येतात, हे नील्सन यांचे सुप्रसिद्ध वचन जपून वाचावे लागते. ते एका माणसामागे सरासरी ३१ टक्के दोष उघडकीस येतात या गृहीतावर उभे आहे, आणि विस्तीर्ण संकेतस्थळांवर हे प्रमाण टिकत नाही. जॅरेड स्पूल व विल श्रोडर यांना २००१ मध्ये पहिल्या पाच माणसांकडून ३५ टक्केच दोष मिळाले. नील्सन यांच्या त्याच लेखातला दुसरा सल्ला मात्र मला अधिक पक्का वाटतो आणि तोच सहसा उद्धृत होत नाही: पंधरा माणसे उपलब्ध असतील, तर ती एकाच चाचणीत खर्ची न घालता पाच-पाचांच्या तीन चाचण्या घ्याव्यात, आणि दर दोन चाचण्यांच्या दरम्यान सापडलेले दोष दुरुस्त करावेत, कारण दुरुस्ती करतानाही नवे दोष शिरतात, आणि ते पहिल्या पाच जणांपैकी कोणाच्याही दृष्टीस पडलेले नसतात.