पुस्तकातला चौकोन आणि घरातला एकच फोन

आपल्या मुलाचे बालभारतीचे पुस्तक जरा हाती घ्या. पहिल्या पानावर आणि आत पाठांजवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसेल. भाजीच्या ठेल्यावर पैसे देण्यासाठी टांगलेला असतो, तसाच. यालाच क्यूआर कोड म्हणतात. आमच्या वस्तीतील कित्येक पालकांना तो छापखान्याचा शिक्का वाटतो. आम्हालाही बरेच दिवस तसेच वाटत होते. बी.कॉम. झालो, वर्षानुवर्षे कारकुनी केली, पण विचारावे कोणाला?

हा चौकोन मुळात कारखान्यातला. जपानमधील डेन्सो कंपनीचे अभियंते मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो १९९४ साली तयार केला. कंपनीने त्याच्या वापरासाठी जगाकडून पैसे मागितले नाहीत, म्हणून तो सर्वांचा झाला.

कारखान्यातली ही वस्तू शाळेच्या पुस्तकात आणणाऱ्यांत रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव पुढे आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत ते २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेला धड इमारतही नव्हती. एका बाजूला गुरांचा गोठा होता. गुरुजींनी कविता ध्वनिमुद्रित केल्या, पाठांच्या चित्रफिती केल्या आणि त्यांचे कोड पुस्तकांना जोडले. कल्पना त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही, शासनापुढे मांडली. २०१७ साली राज्यातील पाठ्यपुस्तकांत कोड छापण्याचा निर्णय झाला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आम्हाला त्या बक्षिसापेक्षा ही वाटणी मोठी वाटते.

वाटून घेण्याची ही रीत आपल्या शिक्षकांत तशी जुनीच. ठाणे जिल्ह्यातील पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल वर्ग उभा केला, तर दूरदूरचे शिक्षक तो बघायला गेले. शासनाच्या 'शिक्षणाची वारी'त शिक्षक आपापली साधने मांडून बसत आणि दुसरे शिक्षक वहीत टिपून घेत.

पण २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली आणि आमच्या वस्तीत पंचाईत झाली. घरात फोन एक, तोही बापाच्या खिशात. बाप सकाळी ऑटो घेऊन निघाला की फोनही निघाला. तीन भावंडे, तीन इयत्ता. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका लागे, तिचा मोठा आधार झाला. ज्यांच्याकडे टीव्हीही नव्हता, त्यांचे ते वर्ष गेले ते गेलेच.

म्हणून विहारातील अभ्यासिकेत शिकवायला येणाऱ्या दोन शिक्षिकांना आम्ही विचारले, एका फोनवर काय करता येईल? त्यांनी सांगितले ते असे. कोड उघडणाऱ्या ॲपचे नाव 'दीक्षा'. (हे ऐकताच एक आजी म्हणाल्या, "दीक्षा तर आम्ही बाबासाहेबांसोबत ५६ सालीच घेतली!" सारा वर्ग हसला.) रात्री बाप घरी आला की दुसऱ्या दिवशीचा पाठ फोनमध्ये उतरवून ठेवायचा, मग तो पाहायला नेट लागत नाही. चित्रफीत सलग दाखवायची नाही. मध्येच थांबवून विचारायचे, पुढे काय होईल सांगा. मुले बोलू लागतात आणि वीस मुलांना एकच फोन पुरतो.

गेल्या खेपेला सातवीतल्या एका मुलीने जुने, दुसऱ्याचे वापरलेले पुस्तक आणले. कोडवर शाई सांडलेली. फोन चारदा धरला, उघडेना. पोर रडवेली झाली. तेव्हा बाईंनी कोडखाली छापलेली सहा अक्षरे दाखवली. तीच ॲपमध्ये टाइप केली आणि पाठ उघडला. हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

आता पुस्तकेच नसलेल्या मुलांसाठी बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ विनामूल्य उतरवून घेण्याचे काम चालू आहे. रविवारी ज्यांना सुट्टी असेल त्यांनी फोन पूर्ण चार्ज करून आणावा. विहारात प्लग एकच आहे आणि तोही सैल.