इंटरनेटच्या फाटकावरचा पहारेकरी

मागच्या सत्रात मी 1965 च्या असल उत्तरच्या लढाईवर प्रकल्प करत होतो. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे उडवले. त्या तोफेची माहिती उघडायला गेलो, तर पडद्यावर लाल पाटी आली: 'प्रवेश बंद. वर्ग: शस्त्रे.' मिलिटरी स्कूलमध्ये शस्त्रांना बंदी! सगळे हसले. एक मित्र म्हणाला, "व्हीपीएन टाक, दोन मिनिटांत उघडेल." मी आधी संगणकाच्या सरांना विचारले. त्यांनी सांगितले ते इथे मांडतो.

बंगळुरूतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर असा फिल्टर असतो. तो आपल्या गेटवरच्या संत्रीसारखा दोन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: तू कोण? हा झाला वर्ग. फिल्टर बनवणाऱ्या कंपन्या कोट्यवधी वेबसाइटची यादी ठेवतात: बातम्या, बँक, शिक्षण, खेळ, जुगार, शस्त्रे. कोणता वर्ग उघडा ठेवायचा आणि कोणता बंद, हे ज्याचे नेटवर्क तो ठरवतो.

दुसरा प्रश्न: तुझी वागणूक कशी? ही झाली पत. वेबसाइटचे नाव किती जुने आहे, तिच्या सर्व्हरवरून पूर्वी व्हायरस पसरला होता का, यावरून तिला गुण मिळतात. कालच नोंदवलेली, बँकेसारखी दिसणारी खोटी वेबसाइट अजून कोणत्याच वर्गात नसते. तिला पतच अडवते. उलट एखादी चांगली वेबसाइट हॅक झाली, तर तिचा वर्ग तोच राहतो, पण पत घसरते. म्हणून दोन्ही प्रश्न लागतात.

हे का गरजेचे? एप्रिल 2019 मध्ये बंगळुरूच्या विप्रो कंपनीने सांगितले, की आपल्या काही कर्मचाऱ्यांची खाती फिशिंगमध्ये सापडली. एवढ्या मोठ्या कंपनीतही माणूस फसतो. त्याने चुकून क्लिक केले, तरी फिल्टर खोटे पान उघडण्याआधी रोखू शकतो.

पण संत्रीही चुकतो. जुलै 2006 मध्ये सरकारने मोजकी पाने बंद करायला सांगितली, तर अनेक इंटरनेट कंपन्यांनी अख्खे ब्लॉगस्पॉटच बंद केले. एका घरावर संशय आणि पूर्ण गल्लीला कुलूप! माझ्या तोफेचेही तसेच झाले. युद्धाचा इतिहास आणि बंदुकांचे दुकान एकाच वर्गात पडले.

मग व्हीपीएन का नको? सर म्हणाले, "भिंतीवरून उडी मारलीस, तर संत्री तुला अडवणार नाही, पण वाचवणारही नाही." फुकट व्हीपीएनमधून आपली सगळी ये-जा अनोळखी माणसाच्या सर्व्हरवरून होते. सरांनी ते पान उघडण्यासाठी रीतसर विनंती पाठवली आणि दोन दिवसांनी ते उघडले. प्रकल्पही वेळेत झाला.

पालकांनो, सुट्टीत घरी आल्यावर आमच्या हातात तुमचा मोबाइल असतो आणि तिथे बहुधा असा संत्री नसतो. तेव्हा लिंक उघडण्याआधी पत्ता नीट वाचा. एक अक्षर इकडचे तिकडे असले, तरी थांबा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.